मोकळा टाका

गेल्या माघात आज्जीचं एक लुगडं माझ्या हातून फाटलं. नातीसाठी गोधडी करायची होती आणि तिच्या मधोमध एक कमळ हवं होतं. लुगड्याचा तुकडा फ्रेममध्ये ताणून बसवला, भरतकामाच्या मशीनला आकृती दिली आणि समोर बसून राहिले. मिनिटाला ६०० टाके. पाकळ्या भरल्या, कडेची दाट पट्टी झाली, आणि फ्रेम सोडून कापड हातात घेतलं, तर कमळ कडेकडेनं सुटून तळहातावर आलं. पोस्टाचं तिकीट भोकांच्या रेषेवरून सुटतं ना, तसं.

मशीनची चूक नव्हती. भरीव कामात दोऱ्याच्या दोन रेघांमधलं अंतर जेमतेम ०.४ मिलिमीटर असतं. नव्या कोऱ्या पॉपलिनला खाली स्टॅबिलायझरचं अस्तर लावलं की ते सगळं पेलतं. वर्षानुवर्षं नदीवर आपटलेल्या, उन्हात वाळलेल्या सुताला इतकी भोकं सोसत नाहीत. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण ते मला सहाव्या वर्षी सांगितलं गेलं होतं.

आमच्या साताऱ्याकडच्या गावात गोधडीला वाकळ म्हणतात. गोधडी हा शब्द मी पुण्यात उचलला. वैशाखातल्या दुपारी सोप्यात कापड अंथरलं जायचं. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. चार घड्यांत एका माणसाच्या वाकळेचे चार थर निघतात. मध्ये धोतरं, पटक्याचे तुकडे, काहीच न उरलेल्या सदऱ्यांच्या पाठी. चार कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, हाताला येईल ते वजन. शेजारपाजारच्या बाया चारी कडांना बसत आणि धावदोरा घालत आत सरकत जात. मला एक कोपरा मिळायचा. मी दोरा घट्ट ओढायची, कारण घट्ट म्हणजे पक्कं असं मला वाटायचं. आज्जी माझा हात धरून म्हणायची, “वढू नगं गं. कापड गोळा हुतंय. मोकळा टाका घाल.”

१९७६ मध्ये कॉलेजसाठी पुण्याला आले तेव्हा तिनं ट्रंकेत एक वाकळ घातली. खोलीतल्या बाकीच्या मुलींकडे चादरी होत्या, सोलापुरी, चौकटीच्या. मी वाकळ गादीखाली अंथरली, कुणाला दिसणार नाही अशी. दोन वर्षं ती तिथंच होती. त्या दोन वर्षांबद्दल मला आजही वाईट वाटतं.

लग्नानंतर पायाचं शिवणयंत्र आलं. त्यावर झबली, टोपडी, कुंच्या, परकर, पडदे, शेजारणींच्या पिशव्या असं सगळं शिवलं. दुपटी मात्र हातानंच. तेव्हा कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. निवृत्तीनंतर भरतकामाचं मशीन घेतलं आणि मग सुईच्या नेढ्याकडे नीट पाहिलं.

हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं. यंत्राच्या सुईचं नेढं अणकुचीजवळ. एलायस हाऊ या अमेरिकन माणसानं १८४६ मध्ये यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात सुई अशीच होती. अणकुचीजवळ नेढं असलं की अख्ख्या सुईला कापडातून आरपार जावं लागत नाही. ती दोऱ्याचा फास खाली नेते, शटल त्यातून बॉबिनचा दोरा काढतं आणि दोन दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. प्रत्येक टाका जागच्या जागी बंद. धावदोऱ्यात मात्र एकच दोरा वरखाली पोहत जातो. वाकळ ओढली, कुणी तिच्यात गुरफटून झोपलं, की तो दोरा किंचित सरकतो आणि जुन्या कापडावरचा ताण पुढच्या चार टाक्यांत वाटून देतो. जीर्ण कापडाला हे सरकणंच वाचवतं. आज्जीनं नेढ्याचा असा विचार केला नसेल. तिच्या बोटांना तो ताण कळत होता, आणि मला हे कळणं कुठल्याही पुस्तकी ज्ञानाच्या तोडीचं वाटतं.

मशीनवर माझा जीव आहे, हेही सांगायला हवं. या वर्षी यजमानांच्या जुन्या चौकटीच्या शर्टांची गोधडी केली, शर्टांचे खिसे तसेच ठेवून; ती सगळी मशीनवर, १६ नंबरच्या सुईनं. बहिणीसाठी उशांचे अभ्रे केले, त्यांवर कर्दळीची पानं भरली. रंग बदलायची वेळ आली की मशीन थांबतं आणि मी पुढचं रीळ ओवते. हिरव्याच्या तीन छटा एकीवर एक चढून पान उमटताना पाहणं हे माझ्या सकाळींमधलं मोठं सुख आहे. पण त्यातलं कुठलंच कापड विरलेलं नव्हतं.

लुगडं फाटल्यावर मी ती कॉलेजची वाकळ काढली. एक कड उसवून पाहिली, आत काय आहे ते समजावं म्हणून. वरचं लुगडं, खाली धोतर, आणि त्याखाली आणखी एक पुरी वाकळ, तिच्या स्वतःच्या टाक्यांसकट. विरलेली वाकळ टाकायची नाही, नवीच्या पोटात घालायची, ही रीत होतीच; पण आतले टाके आज्जीचे नव्हते. तिचा टाका गव्हाच्या दाण्याएवढा आणि मधली जागाही तेवढीच. आतला टाका बारीक, ज्वारीसारखा, किंचित डावीकडे कलणारा. तिच्या सासूचा असेल, आईचा असेल. सांगणारं आता कुणी नाही. मी ती कड जशीच्या तशी शिवून टाकली.

नातीच्या गोधडीचे कोपरे मात्र आमच्या गावाकडचे नाहीत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बाया गोधडीला कवंद म्हणतात आणि तिच्या चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लावतात. यांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले. घरात अजून कोकणी बोलतात. त्यांच्या हातचं कवंद पाहिल्यापासून ते भरलेले कोपरे मनात बसले होते. नातीच्या गोधडीला मी तसेच कोपरे केलेत.

कमळ पुन्हा केलं. या वेळी नव्या मलमलीवर, आत काही न भरता, नुसती एकेरी रेघ. मशीननं ते चार मिनिटांत संपवलं. तो तुकडा नव्या सुती साडीवर हातानं जोडला, आत ती कॉलेजची वाकळ अखंड ठेवली, आणि हॉलमधलं टीपॉय हलवून सगळं जमिनीवर अंथरलं. एका बाजूला मी, समोर सून. तिनं यापूर्वी बटणाखेरीज काही शिवलेलं नाही. पहिल्या दिवशी तिचा दोरा सारखा घट्ट व्हायचा. मी तिचा हात धरून दोन-चार टाके घालून दाखवले.

आता तिसरी फेरी चालू आहे. नात शाळेतून आली की दप्तर टाकून थेट मधोमध येऊन आडवी होते, कमळावर गाल ठेवून, आणि बघता बघता झोपते. मध्यापर्यंत पोचायला अजून बराच वेळ आहे. तिला उठवत नाही. कडेकडेनं टाके घालत राहतो.