धाकट्यांची पावले

माझा धाकटा भाऊ साडेतीन वर्षांचा आहे. आई लावणीला गेली की त्याचे पाय बघणे हे माझे काम.

आपल्या रत्नागिरीत पाऊस फार. पाय ओले राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. म्हणून मी त्याचे पाय धुते आणि एकेक बोट पुसून कोरडे करते. जखम असली तर त्याला शेतातल्या पाण्यात उतरू देत नाही. उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात आणि जखमेतून अंगात शिरतात. हुककृमी हा जंत तर जखम नसली तरी अनवाणी पायातून शिरतो आणि आतड्यात राहून रक्त पितो. २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत, अंगणवाडीत गोळी देतात. ती खावीच, पण पायात चपलाही हव्यात.

चपलांचीच खरी पंचाईत होते. लहान मुलांची पावले भराभर वाढतात. जूनात घेतलेल्या चपला शिमग्याला पुरत नाहीत. बोटे बाहेर येतात आणि कातळावर ठेच लागते. फार मोठ्या घेतल्या तर मूल अडखळून पडते. चपला चावतात हे भावाला सांगता येत नाही, तो नुसत्या फेकून देतो. मग आजी म्हणते, "लय द्वाड हाय पोर!"

म्हणून मी गणपतीत, दिवाळीत आणि शिमग्यात त्याला कागदावर उभा करते आणि पेन्सिलीने पाऊल काढते. बाबा तो कागद बाजारात नेतात. अंगठ्यापुढे एका बोटाच्या रुंदीएवढी जागा सोडून चपला घेतात.

पालकांनो, तुमचे मूल चपला टाकून पळाले तर आधी त्याची बोटे बघा, मग रागवा.