धूसर फोटो, दोष कोणाचा? कृष्णाकाठचे रेंजफाइंडर कॅमेरे

१/ घरातल्या जुन्या छायाचित्रांत चेहरे धूसर दिसले की दोष कॅमेऱ्याच्या भिंगावर टाकला जातो. १९६० आणि १९७० च्या दशकांतील स्थिर भिंगाच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांबाबत हा निवाडा बहुधा अन्यायाचा ठरतो. सातारा-सांगलीच्या हवापाण्यात हा खटला पुन्हा चालवून पाहण्याजोगा आहे.

२/ कॅननचा कॅनोनेट (१९६१), याशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६), ऑलिंपस ३५ एसपी (१९६९) ही या जातीची नामांकित घराणी. त्या काळी भारतात परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे असा कॅमेरा घरात आला तर तो बहुधा परदेशाहून परतलेल्या नातलगाच्या सामानातून येई आणि लग्नकार्यापुरताच कपाटाबाहेर निघे.

३/ रेंजफाइंडरचे तत्त्व भूमापनातले आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा मोजली आणि त्रिकोणांच्या साखळीने भारताचे मोजमाप आरंभले. कॅमेऱ्यात ही आधाररेषा अवघ्या काही सेंटिमीटरची असते. दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की अंतर जुळले.

४/ भिंग एकाच कॅमेऱ्यासाठी घडवलेले, म्हणून त्याची जुळणी कारखान्यातच पक्की होई. आत उसळणारा आरसा नसल्याने भिंगाचा मागचा भाग फिल्मच्या जवळ ठेवता येई आणि धक्काही बसत नसे. याशिकाचे ४५ मिमी, एफ/१.७ भिंग पूर्ण उघडले असता कडांना मऊ पडते, एफ/५.६ ते एफ/८ वर कोपऱ्यांपर्यंत रेखीव राहते.

५/ काचेचा उद्योग या भागाला परका नव्हता. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला होता. मात्र कंदिलाच्या काचेने उष्णता सोसली की पुरे; भिंगाची काच अंतर्बाह्य एकजिनसी लागते, अन्यथा प्रकाशकिरण वाट चुकतात.

६/ मग धूसरपणा येतो कोठून? साधनचिकित्सेची सवय येथे कामी येते. चेहरा धूसर आणि मागची भिंत रेखीव असेल, तर अंतर चुकले किंवा रेंजफाइंडरची जुळणी सरकली. सारे चित्र एकाच दिशेने फराटले असेल, तर हात हलला. सर्वत्र पांढुरकी झाक असेल, तर भिंगावर बुरशी किंवा धूसर थर असल्याचा संशय घ्यावा.

७/ बुरशीला भूगोल असतो. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सांगलीच्या जत-आटपाडीकडे सहाशेच्याही आत. चामड्याच्या बंद पेटीत ओल धरून राहते आणि काचेवर बुरशीची जाळी पसरते. प्रथम छायाप्रकाशातील भेद फिका होतो. पुढे भिंगावरचा लेपच खाल्ला जातो. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन कॅमेऱ्यांचे नशीब असे घाटमाथा आणि माणदेश यांच्यात विभागले जाते.

८/ छपाईचाही वाटा मोठा. निगेटिव्हची चौकट २४ × ३६ मिमी. तिच्यावरचा ०.०३ मिमीचा ठिपका ८ × १२ इंचांच्या छपाईत सुमारे साडेआठ पट, म्हणजे पाव मिलिमीटर होतो आणि डोळ्याला जाणवतो. ४ × ६ इंचांच्या छपाईत तो झाकला जातो. पण दुकानाच्या पाटीवरची बारीक अक्षरेही तेथेच बुडतात. भिंगाने टिपलेले सगळे अल्बमपर्यंत पोहोचतेच असे नाही.

९/ इतिहासाच्या दृष्टीने हे नुकसान किरकोळ नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पाटण खोऱ्यातील घरे कोसळली. त्या आधीच्या एखाद्या बारशाच्या फोटोत मागे उभी असलेली भिंत, तिचे दगड, तिची तुळई, हा आज पुरावा आहे. भिंतीसमोर बसलेल्यांना तेव्हा त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

१०/ ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी शिरलेल्या घरांत अल्बम भिजले की फोटो एकमेकांना चिकटतात आणि तसेच वाळले तर सोडवताना वरचा थर सोलून निघतो. भिजलेले फोटो व निगेटिव्ह स्वच्छ थंड पाण्यात ठेवून, लवकरात लवकर हळुवार विलग करून वाळवले, तर पुष्कळ काही वाचते.

११/ बहुतेक घरांनी अल्बम जपले आणि निगेटिव्हची पाकिटे अडगळ म्हणून टाकून दिली. भिंगाने जे अचूक पाहिले होते, ते त्या पाकिटांत होते. ज्यांच्या माळ्यावर अशी पाकिटे अजून आहेत, त्यांनी पुढच्या पावसाळ्यापूर्वी ती खाली काढावीत, कोरड्या जागी ठेवावीत आणि पाठीवर गाव, साल व माणसांची नावे लिहावीत. नावे सांगणारी माणसे निगेटिव्हपेक्षा लवकर जातात.