अधिवेशनाचा धूर आणि आपली जयणा



डिसेंबर आला की राज्याचं सरकार मुंबईहून आपल्या नागपुरात येतं. १९५३ च्या नागपूर कराराने मिळालेला हा मान. १९६० पासून हिवाळी अधिवेशन इथे भरत आलंय. मंत्री, अधिकारी, फायली आणि मागे गाड्यांचे ताफे, सगळं सिव्हिल लाइन्सकडे. मोर्चे निघाले की रस्ते बंद होतात आणि वळवलेल्या गाड्या चौकाचौकात धूर सोडत उभ्या राहतात.

त्यात थंडीचे दिवस. जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते, धूर वर जातच नाही. माझ्या सासूबाईंना दमा आहे. या दिवसांत सकाळी देरासरात जायचं की घरीच सामायिक करायचं, हे त्यांचा श्वास ठरवतो.

अधिवेशन इथेच व्हावं, तो विदर्भाचा हक्क आहे. पण बऱ्याच फायली संगणकावरून येऊ शकतात, माणसं बसने, मेट्रोने. विधानभवनाजवळ झिरो माइलचं मेट्रो स्टेशन आहेच.

आपण वायुकाय जीव मानतो, मुहपत्ती जपून वापरतो. मग सिग्नलला स्कूटीचं इंजिन बंद करणं हीसुद्धा जयणाच ना? मुलांना शाळेतून आणताना मी ते करते. तुम्हीही करून बघा.