जांबेची रामनवमी

समर्थ रामदासांच्या जन्मगांवीं एकदां रामनवमी करावी, हा विचार आमच्या पुण्याच्या भजनी मंडळांत बरेच दिवस घोळत होता. यंदाच्या चैत्रांत तो योग आला, आणि आम्ही तेरा माणसें व चौदावी पेटी असे जालन्याकडे निघालों. तेरांपैकीं नऊ स्त्रिया व चार पुरुष. हें प्रमाण मुद्दाम सांगतों, कारण नुसतें दर्शन हा आमचा हेतु नव्हता; जांबेच्या बायकांबरोबर बसून एका जुन्या अडचणीचा उलगडा करावयाचा होता.

ती अडचण वाचकांच्या घरींहि असेल. आरतीला सुरुवात बहुधा कर्ता पुरुष करतो, आणि ती त्याच्या पट्टींत, काळी एक किंवा काळी दोनमध्यें. बायकांचा गळा सामान्यतः काळी चार-पांचचा. पुरुषांच्या पट्टींत त्यांनीं वरच्या सप्तकांत गावें तर आवाज फाटतो, खालीं गावें तर घशांतच राहतो. मग त्या टाळ्या वाजवितात आणि ओठ हालवितात. आमच्या मंडळांतील एका काकूंना मनाचे श्लोक सगळे, म्हणजे 205, मुखोद्गत आहेत. परंतु देवळांत त्यांचा आवाज आम्हीं कधीं ऐकला नव्हता. युरोपांत चर्चमधील गायकांनीं ही अडचण चार प्रकारच्या आवाजांसाठीं चार निराळ्या चाली रचून सोडविली. आपलें समूहगान एका सुराचें. त्यांत चार चाली आणल्या तर भजन हें भजन राहणार नाहीं, असें आमचें मत आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं लोकांच्या मुखीं घातलेली रामधून एका सुराचीच, आणि त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनीं साबरमतीच्या आश्रमांत बसविलेली प्रार्थनाहि तशीच.

जालना शहर कुंडलिका नदीच्या कांठीं आहे. 1 मे 1981 रोजीं औरंगाबाद जिल्ह्यांतून निघून हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज तें लोखंडी सळयांचें आणि बियाण्यांचें गांव. बद्रीनारायण बारवाले यांनीं 1964 सालीं संकरित बियाण्यांचा उद्योग येथेंच मांडला, आणि 1998 सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आम्हांस मात्र चैत्राच्या उन्हांत या सर्वांहून मोसंबीच्या रसाचें महत्त्व अधिक वाटलें. तो प्रत्येकानें दोन-दोन पेले घेतला, पेटीवाल्यांनीं तीन.

जांब घनसावंगी तालुक्यांत आहे. शके 1530, म्हणजे इसवी सन 1608, चैत्र शुद्ध नवमीस सूर्याजीपंत ठोसरांच्या घरीं नारायण जन्मला तो येथें. 'सावधान' ऐकून तो बोहल्यावरून निघाला ती कथा वाचकांस ठाऊकच आहे. येथील राममंदिरांतील कांहीं जुन्या पंचधातूच्या मूर्ति 2022 च्या ऑगस्टांत चोरीस गेल्या होत्या. पोलिसांनीं ऑक्टोबरांत त्या शोधून आणल्या. मूर्तींपुढें उभ्या असतां गांवच्या एका आजी हळूच म्हणाल्या, "ते दोन महिने आरतीला उभं राहवत नव्हतं, बाई." त्यावर कोणालाच कांहीं बोलावेंसें वाटलें नाहीं.

अष्टमीच्या दुपारीं एका वाड्याच्या पडवींत आमची बैठक भरली. गांवच्या दहा-बारा बायका आल्या, तीन-चार पुरुषहि कडेला येऊन टेकले. प्रथम मनाचे श्लोक घेतले. भुजंगप्रयात हें वृत्त समूहासाठींच जन्मलें असावें; ओळींत बारा अक्षरें, आणि ल-गा-गा हा एकच घाट चार वेळां, त्यामुळें शंभर माणसें असलीं तरी कोणी मागेंपुढें होत नाहीं. मग पट्टी एक-एक सूर वर चढवीत नेली. पांढरी तीनपर्यंत बायका खालींच घुटमळत होत्या. काळी तीनला आवाज एकदम मोकळा झाला. पुरुषांनीं भुंवया चढविल्या खऱ्या, पण बहुतेक आरत्यांची चाल पांच-सहा सुरांतच फिरते, त्यांना तार षड्ज गांठावा लागत नाहीं, म्हणून त्यांचेंहि निभावलें. यांत आमचा शोध कांहींच नाहीं. पं. जसराजांच्या 'जसरंगी' जुगलबंदींत पुरुषाचा मध्यम तोच स्त्रीचा षड्ज धरतात, आणि काळी एकचा मध्यम म्हणजे काळी तीनच.

"देवाला पट्टी कशाला हवी?" असें एका वृद्ध गृहस्थांनीं विचारलें. "देवाला नको, आम्हांला हवी," असें काकूंनीं सांगितलें. गृहस्थ हंसले आणि बसून राहिले.

नवमीस बारा वाजतां गुलाल उधळला, पाळणा झाला, आणि आरती काळी तीनमध्यें उचलली गेली. तिसऱ्या आरतीपाशीं झांजा चढल्या, लय दुप्पट झाली, आणि पट्टी कोणाच्याच हातांत राहिली नाहीं. परंतु पहिल्या दोन आरत्यांत काकूंचा आवाज आम्हांस स्वच्छ ऐकूं आला. तो किंचित् घोगरा, पण अतिशय सुरेल आहे.

सुंठवडा खाऊन दिवस काढला तो दशमीच्या पारण्याला भरून निघाला. पंगतींत ज्वारीच्या भाकरीबरोबर येसराची आमटी होती. धान्य व मसाले भाजून दळलेल्या येसराची ही आमटी मराठवाड्याबाहेर फारशी कोणी करीत नाहीं. पुण्याच्या आमच्या सुगरणींनीं प्रत्येकी पाव किलो येसर बांधून घेतलें. निघतांना गांवच्या बायकांनीं आपली पेटी पुढें केली. काकूंनीं काळी तीनच्या पट्टीवर कुंकवाचें बोट टेकविलें.

परततांना अंबडला थांबलों. मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची. गांवावर अहिल्याबाई होळकरांच्या बांधकामाची छाया सर्वत्र दिसते. दत्तजयंतीला येथें जुना संगीतमहोत्सव भरतो. त्यासाठीं मार्गशीर्षांत पुन्हा यावें, असें पायऱ्यांवर दम खात असतां आमचें ठरलें. तेवढ्यांत जांबेहून फोन आला. शनिवारच्या मारुतीच्या आरतीलाहि तीच पट्टी चालेल का, असें त्या बायका विचारीत होत्या. काकूंनीं तेथल्या तेथें गुणगुणून पाहिलें आणि तीच धरा म्हणून सांगितलें.