मुरमुर आणि फारमूर

दुपारी पावणेतीनला सूर्य मावळला तेव्हा आम्ही दफनभूमीत होतो. तारीख २४ डिसेंबर, थंडी उणे चौदा. विहीणबाईंनी हातमोज्यानं दगडावरचं बर्फ झाडलं, बरोबर आणलेल्या छोट्या कंदिलात मेणबत्ती लावली आणि तो व्याह्यांच्या नावापाशी ठेवला. मान वर करून पाहिलं तर सगळ्या मैदानभर, जवळजवळ प्रत्येक दगडापाशी, बर्फात असा एकेक दिवा. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आपण पितरांसाठी पंधरवडा वेगळा राखतो आणि मग सण करतो. इथं गेलेल्या माणसांना सणाच्याच दिवशी आधी भेटून येतात. मला ते फार आवडलं.

स्वीडनच्या दालार्ना प्रांतातलं लेक्सांद हे माझ्या लेकीचं सासर. सिल्यान सरोवराच्या काठचं गाव, स्टॉकहोमहून आगगाडीनं तीनेक तासांवर. याआधी दोनदा आले ती जूनमध्ये, रात्री अकरालाही लख्ख उजेड असताना. डिसेंबरात सूर्य सव्वानवाला उगवतो आणि झाडांच्या शेंड्यांवर येईतो परत फिरतो. त्या अंधाराची मला धास्ती होती. पण स्टेशनवरून घरी येताना पाहिलं, गावातल्या प्रत्येक खिडकीत दिवा. कुठे कागदी चांदणी, कुठे चढत्या-उतरत्या सात दिव्यांची घडवंची. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारपासून हे दिवे लागतात. पडदे कुणी ओढत नाही, त्यामुळे घरातला उजेड रस्त्यावरच्या बर्फावर सांडतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट दिसते.

दारातच बूट काढून ठेवायचे, हे आपल्यासारखंच. पण आत पाऊल टाकलं आणि वेलदोड्याचा वास आला, तेव्हा मी उभीच राहिले. विहीणबाई पितळी खलबत्त्यात वेलदोडे कुटत होत्या. त्यांच्या आजीचा खलबत्ता, काठ झिजून गुळगुळीत झालेला. हे लोक गोड पावात वेलदोडा सढळ हातानं घालतात, आणि १३ डिसेंबरला, लुसियाच्या दिवशी, केशर घातलेले पिवळेधमक पाव भाजतात. मी हात पुढे केला, त्यांनी बत्ता माझ्या हाती दिला. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. त्या संध्याकाळी तशी गरजही पडली नाही.

भाषेवरून आठवलं. नातू मला ‘मुरमुर’ म्हणतो आणि विहीणबाईंना ‘फारमूर’. मुरमुर म्हणजे आईची आई, फारमूर म्हणजे बापाची आई. मावशी ‘मुस्तर’, आत्या ‘फास्तर’. मामा वेगळा, काका वेगळा. इंग्रजीनं सगळ्यांना एकाच गोणीत भरलं, पण या उत्तरेकडच्या लोकांनी नाती आपल्यासारखीच निवडून ठेवली आहेत. आजीच्या बाबतीत तर ते आपल्याही पुढे गेले. मात्र मी विचारलं, “माझं आणि तुझ्या सासूबाईंचं नातं काय म्हणतात?” लेक म्हणाली, “आई, त्याला इथं शब्दच नाही.” मग मी विहीणबाईंना ‘विहीण’ हा शब्द शिकवला. ‘ण’ त्यांना जमेना, पण दिवसभर त्या मला त्याच नावानं हाक मारत राहिल्या.

दफनभूमीतून परतलो तो तीनच्या ठोक्याला सगळे टीव्हीसमोर. १९६० पासून दर २४ डिसेंबरला तीन वाजता डोनाल्ड डकचा तोच कार्यक्रम लागतो, आणि लेकीच्या आजेसासूबाईंपासून नातवापर्यंत सगळे तो पाठ असल्यासारखा बघतात.

मग ताटं. ‘यूलबूर्द’ म्हणजे नाताळचं मेज, आणि त्याला क्रम आहे. आधी हेरिंग मासे, गोड व्हिनेगरमध्ये मुरवलेले, काही मोहरीच्या दाट रसातले; सोबत उकडलेले बटाटे आणि खडखडीत, चाकासारखी गोल राईची भाकरी. तिच्या मधोमध भोक असतं, कारण पूर्वी ती दांडीत ओवून आढ्याखाली टांगत. मग ताटली बदलायची आणि थंड मांस घ्यायचं, त्यात मोहरी आणि पावाचा चुरा लावून भाजलेलं हॅम. पुन्हा ताटली बदलून गरम पदार्थ: खिम्याचे गोळे आणि ‘यान्सनचा मोह’ या नावाचा बटाटा, कांदा, खारवलेले बारके मासे आणि साय यांचा भाजलेला थर. तो मी दोनदा घेतला.

ल्यूटफिस्क पुढे आला तेव्हा लेकीनं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. वाळवलेला मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून फुगवायचा, मग दिवसचे दिवस साध्या पाण्यात ठेवून शिजवायचा. पूर्वी हा क्षार लाकडाच्या राखेतून काढत. हिवाळ्याची बेगमी म्हणून मासा वाळवायचा, हे माझ्यासारख्या दापोलीच्या बाईला कुणी समजावून सांगायला नको. चव सौम्य, मऊसूत. वर पांढरा रस्सा आणि मिरी. मी ताटली स्वच्छ केली, आणि विहीणबाईंचा चेहरा उजळला.

शेवटी तांदळाची लापशी, दुधात आटवलेली, वर दालचिनी. अख्ख्या पातेल्यात एकच बदाम. तो ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्षभरात लग्न. बदाम निघाला सत्त्याऐंशी वर्षांच्या आजेसासूबाईंच्या वाटीत! त्यांनी तो चमच्यावर घेऊन सगळ्यांना दाखवला. बिस्किटांच्या तबकात माझे बेसनाचे लाडूही मांडलेले होते.

उठताना प्रत्येकानं, पाच वर्षांच्या नातवानंसुद्धा, विहीणबाईंकडे वळून ‘ताक फर माटेन’ म्हटलं: जेवणाबद्दल आभार. रोजच्या साध्या जेवणानंतरही ते असंच म्हणतात. माझे वडील पानावरून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणत. त्या रात्री मी दोन्ही म्हटलं.

तुमची लेक किंवा सून त्या देशात असेल, तर दरवेळी उन्हाळ्याचंच तिकीट काढू नका. एकदा डिसेंबरात जा, आणि जाताना वेलदोडे न्या.