दोन पाखरे, एकच घरटे

संगणकाबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा दोन टोकांचे असते. एक तर त्याने जग कसे बदलले याचे कौतुक, नाही तर त्याने पिढी कशी बिघडवली याची तक्रार. पडद्यावरच्या बोटभर चित्राबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. त्या चित्राला आयकॉन म्हणतात. ज्याला अक्षरे भराभर वाचता येतात त्याच्यासाठी ती सजावट. ज्याला येत नाहीत त्याच्यासाठी मात्र तीच लिपी आणि तोच पत्ता.

आम्ही चार मित्र मोहल्ल्यातल्या वाचनालयाचे पाच जुने संगणक सांभाळतो. विकतचे सॉफ्टवेअर परवडत नाही आणि चोरीचे वापरायचे नाही, म्हणून सगळ्यांवर लिनक्स आहे. तिथे एक भाभी येतात. शिलाईकाम करतात, उर्दू चौथीपर्यंत शिकल्या आहेत. मुलगा कतारला असतो. बोलणे फोनवर होते, पण करारनामा, पावत्या, व्हिसाचे कागद तो ईमेलने पाठवतो. भाभी ते छापून घेतात आणि फाइलला लावतात. ईमेलचा थंडरबर्ड हा प्रोग्राम त्यांच्या लेखी एक निळे पाखरू आहे. इंग्रजी नाव त्यांनी कधी वाचलेले नाही.

थंडरबर्डने २०२३ साली आपले चित्र बदलले. नवी आवृत्ती आमच्याकडे आली तेव्हा भाभींच्या यादीत दोन पाखरे दिसू लागली, एक जुने आणि एक नवे. त्यांनी विचारले, "भाईजान, माझे कागद कुठल्या पाखराकडे आहेत?" त्यानंतर आठवडाभर त्या आल्याच नाहीत. निरोप धाडला तर उत्तर आले, "चुकीच्या पाखराला हात लागला आणि पोराचे कागद गेले तर?"

मग आम्ही शोधाला लागलो. लिनक्समध्ये यादीतल्या प्रत्येक प्रोग्रामची एक छोटी चिठ्ठी असते. तिला डेस्कटॉप फाइल म्हणतात. ती साध्या अक्षरांत लिहिलेली असते, कुणालाही उघडून वाचता येते. एका ओळीत नाव, एका ओळीत चालवायचा हुकूम, एका ओळीत चित्र. सर्वांसाठीच्या चिठ्ठ्या यंत्रणेच्या फोल्डरात राहतात आणि ज्याच्या त्याच्या खास चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या घरच्या फोल्डरात. दोन्हीकडे एकाच नावाची चिठ्ठी असली तर घरची चालते. नावे वेगळी असली तर दोन्ही दिसतात. पूर्वी कुणीतरी भाभींच्या फोल्डरात वेगळ्या नावाने एक नक्कल करून ठेवली होती आणि तिच्यात जुन्या चित्राचा पूर्ण पत्ता लिहिला होता. यंत्रणेची चिठ्ठी नव्या आवृत्तीबरोबर बदलली, नक्कल होती तशीच राहिली. हुकूम मात्र दोन्हींत एकच होता. कुठल्याही पाखराला हात लावला तरी कागद त्याच घरट्यात सुरक्षित होते.

इलाज सोपा निघाला. नक्कल काढून टाकली. घरच्या फोल्डराला प्रशासकाचा पासवर्डही लागत नाही. पण दुसऱ्या एका संगणकावर चिठ्ठी बरोबर असूनही पाखरू जुनेच दिसत होते. चिठ्ठीत चित्राचे नुसते नाव असेल तर ते चित्र आधी निवडलेल्या थीममध्ये शोधले जाते, मग तिच्या मूळ थीममध्ये आणि सर्वांत शेवटी हायकलर नावाच्या सामाईक थीममध्ये. प्रोग्रामचे नवे चित्र बहुधा या शेवटच्या ठिकाणी येऊन बसते. वरच्या थीममध्ये जुने चित्र असेल तर शोध तिथेच संपतो. आम्ही थीम बदलली आणि नवे पाखरू दिसले. कधी कधी चित्रांची जुनी कॅश आड येते. मग ती नव्याने बनवावी लागते आणि एकदा लॉगआउट करून परत यावे लागते.

चित्र ही क्षुल्लक बाब आहे असे वाटणाऱ्यांनी फायरफॉक्सची हकीकत ऐकावी. त्याच्या चित्राचा परवाना डेबियन या लिनक्सच्या मुक्ततेच्या नियमांत बसत नव्हता. चित्र नको असेल तर नावही वापरू नका, असे मोझिलाचे म्हणणे पडले. २००६ साली डेबियनने त्याच प्रोग्रामला आइसवीझल हे नाव आणि वेगळे चित्र दिले. फायरफॉक्स हे नाव तिथे परतायला २०१६ साल उजाडले. आतला प्रोग्राम जवळजवळ तोच, पण दहा वर्षे त्याच्यावर दुसरीच पाटी होती.

भाभी परत आल्या तेव्हा आम्ही त्यांना दुरुस्ती सांगत बसलो नाही. शेजारी बसून नव्या पाखरावर त्यांनाच क्लिक करायला सांगितले. मुलाचे सगळे कागद समोर आले. त्यांनी एकेक मोजून घेतला आणि मग विचारले, "पुन्हा बदलणार का हे?"

बदलणार. चित्रे काढणारे दर काही वर्षांनी ती बदलतात, तो त्यांचा हक्क आहे. पण त्या बदलाची किंमत ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाच मोजावी लागते. म्हणून आता नवी आवृत्ती चढवण्याआधी आम्ही नवे चित्र कागदावर छापून भिंतीला लावतो, शेजारी जुनेही लावतो. यंत्रातली जुनी चित्रे दोन मिनिटांत काढता येतात. माणसाच्या नजरेतले जुने चित्र जायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्याला देणे हेही दुरुस्तीचेच काम आहे.