विहिरीच्या भिंतीवरची अक्षरे

विद्यापीठात भूशास्त्राच्या वर्गात दाखल झालो तेव्हा हातोडी, भिंग आणि होकायंत्र ही तीन साधने हाती आली. परंतु त्यांहून मोलाची शिकवण आमच्या गुरुजींनी दिली ती ही, की खडकाचे नाव घेण्याची घाई करू नये. प्रथम ताजा तुकडा फोडावा, त्याचा रंग, पोत, पोकळ्या न्याहाळाव्यात आणि जे दिसले तेच वहीत उतरवावे. पुढे सहाध्यायी निरनिराळ्या वाटांनी पांगले. कोणी १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू होऊन नकाशे रेखू लागला, कोणी खाणीवर गेला, कोणी धरणाच्या पायाचा कातळ पारखू लागला. माझ्या वाट्याला भूजल आले.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून घडलेल्या आपल्या दख्खनच्या पठारात पाण्याचा शोध घेणे म्हणजे त्या थरांची बखर वाचणेच होय. काळा अभंग पाषाण पाण्याला सहसा थारा देत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांनी भरलेला, खडक झिजून सैल झाला असेल तेथे. नुसत्या पोकळ्या असून भागत नाही, कारण ज्या पोकळ्यांत एके काळी वायू कोंडला होता त्या पुष्कळदा झिओलाइटच्या पांढऱ्या स्फटिकांनी बुजलेल्या असतात. हे सारे मी परीक्षेत बिनचूक लिहिले होते. तरीही नोकरीच्या आरंभी, शेजारच्या विहिरीत न उतरता, केवळ नकाशा पाहून एका शेतकऱ्याला मी जागा दाखविली, आणि तीस हात खणूनही ती विहीर कोरडी निघाली. त्या गृहस्थाने विहिरीसाठी तगाईचे कर्ज काढले होते. "साहेब, आमचं नशीब," एवढेच तो म्हणाला. परंतु दोष नशिबाचा नव्हता, न पाहता उच्चारलेल्या माझ्या शब्दाचा होता.

तेव्हापासून शिवारातील जुन्या विहिरींत उतरून मुरूम कोठे संपतो, गेरूसारखा तांबडा थर कोठे लागतो, झरा कोणत्या सांध्यातून पाझरतो हे पाहिल्यावाचून मी कोठेही खूण केली नाही. आणि लक्षणे प्रतिकूल दिसली तेथे 'खणू नका' असे सांगण्यास कचरलो नाही. भूशास्त्र शिकून पुढे काय, असे विचारीत मुले येतात, तेव्हा नोकऱ्यांची गणती करण्यापूर्वी मी त्यांना विहिरीच्या पायऱ्यांवर नेतो, हाती भिंग देतो आणि म्हणतो : नाव राहू दे, काय दिसते ते सांग.